किचन चिमणी सफाई-दुरुस्तीच्या व्यवसायाची वेबसाइट: ग्राहकाला फोन करण्याआधी काय कळायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पिंपरी-चिंचवडच्या वाकड, रावेत, पिंपळे सौदागर या पट्ट्यात तुम्ही आणि हाताखालची दोन मुलं मिळून किचन चिमणीची सफाई आणि दुरुस्ती करता. आजवर कामं ओळखीतून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मिळत गेली. आता एका वेब डिझायनरने ४० पानांच्या वेबसाइटचं कोटेशन दिलंय. त्यात प्रत्येक उपनगराचं वेगळं पान आहे आणि प्रत्येक ब्रँडचंही. एवढं खरंच लागतं का, वेबसाइटवर नेमकं काय असावं, कंपन्यांची नावं टाकली तर चालतील का आणि दिवाळीच्या गर्दीआधी हे उभं राहील का, हे तुम्हाला हवंय.

४० पानं नकोत. चार-पाच पानं पुरतात. त्यांतलं पहिलं पान मात्र इतकं नीट हवं, की बाकीची कुणी उघडली नाहीत तरी तुम्हाला काम मिळावं. मी अशाच लहान सेवा-व्यवसायांच्या वेबसाइट करतो: एसीवाले, आरओवाले, पेस्ट कंट्रोलवाले, चिमणीवाले. घरात येऊन करायच्या या कामांमध्ये ग्राहक एका गोष्टीवर अडतो. घरी कोण येणार आणि निघताना बिल किती करणार, हे त्याला आधी कळत नाही. तुमची वेबसाइट या दोन शंका मिटवायला आहे. बाकी सगळं त्यानंतर.

वेबसाइट कोण आणि कधी उघडतं ते बघा. फोडणीचा धूर घरभर पसरतोय, चिमणीचा आवाज वाढलाय, किंवा गॅसच्या शेगडीवर तेलाचा थेंब पडलाय. घरातलं कुणीतरी ओट्याशी उभं राहूनच मोबाइलवर शोधतं. तीन-चार दुवे उघडतं, प्रत्येकावर काही सेकंद थांबतं. तुमचा व्यवसाय कधी सुरू झाला, तुमचं ‘मिशन’ काय, हे तिथे कुणी वाचत नाही. पडद्यावर वर-वरच दिसायला हवं: ‘किचन चिमणी सफाई आणि दुरुस्ती, वाकड ते रावेत. पूर्ण सफाई इतके रुपये, सगळं धरून.’ खाली दोन मोठी बटणं, एक फोनचं आणि एक व्हॉट्सॲपचं. त्याखाली तुमचा आणि मुलांचा खरा फोटो, नावांसकट. स्क्रोल न करता एवढं दिसलं, तर पहिलं पान आपलं काम करतंय.

डिझायनरला आधी एक विचारा: तो कुठलं तयार टेम्प्लेट वापरणार आहे? इंग्रजीत ‘चिमणी’ शोधलं की जी टेम्प्लेटं मिळतात, ती अमेरिका-इंग्लंडमधल्या धुराड्यांच्या व्यवसायाची असतात. विटांचं धुराडं, छतावर ब्रश घेऊन चढलेला माणूस, फायरप्लेससमोर बसलेलं कुटुंब. तिथे लाकूड जळून धुराड्याच्या आत क्रिओसोट नावाचा ज्वलनशील थर साचतो आणि त्यातून आग लागू शकते. म्हणून अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या २११ क्रमांकाच्या मानकात दरवर्षी तपासणी सांगितलेली आहे. ग्राहक प्रमाणपत्र असलेला माणूस शोधतो आणि वेबसाइटही तपासणी, प्रमाणपत्र, आगीचा धोका याच क्रमाने मांडलेली असते. तिथे ते योग्यच आहे. तुमच्या ग्राहकाच्या घरी मात्र ६० किंवा ९० सेंटीमीटरची स्टीलची हूड आहे, आत ब्लोअर, म्हणजे धूर ओढणारा मोटर-पंखा आहे आणि त्यावर फोडणीचं चिकट तेल बसलंय. त्याला धुराड्याचा फोटो दिसला, की ही वेबसाइट कुठून तरी उचललेली आहे हे त्याच क्षणी कळतं आणि विश्वास तिथेच संपतो. टेम्प्लेटचा सांगाडा घेतला तरी त्यातलं एकही चित्र आणि एकही वाक्य ठेवू नका.

आता दराचं. यावर तुम्ही डिझायनरपेक्षा जास्त वेळ द्या, कारण हे तो लिहू शकत नाही. ‘फक्त ३९९ पासून’ असं लिहून घरी जायचं आणि मग ‘मॅडम, ती वरवरची सफाई, मोटर काढायची तर १,८०० होतील’ असं सांगायचं, हा प्रकार ग्राहकांनी इतका सोसलाय की ‘पासून’ हा शब्द वाचूनच ते सावध होतात. तुमच्या पानावर ‘पासून’ नको. दोनच प्रकार लिहा आणि प्रत्येकात काय येतं ते उघड सांगा. उदाहरणार्थ: ‘साधी सफाई: फिल्टर, तेलाची वाटी, हूड आतून-बाहेरून. ६०० रुपये. मोटर उघडत नाही.’ आणि ‘पूर्ण सफाई: ब्लोअर खाली उतरवून, पंखा वेगळा करून धुणं, हाउसिंग (पंख्याभोवतीचं आवरण), डक्टचं म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं तोंड, वायरिंगची तपासणी, पुन्हा बसवून चालवून दाखवणं. १,३०० रुपये. साधारण दीड ते दोन तास.’ आकडे तुमचे घाला. रचना हीच ठेवा.

दुरुस्तीचे भाव असे ठरीव देता येत नाहीत, हे ग्राहकालाही समजतं. तिथे आकड्याऐवजी पद्धत लिहा. व्हिजिट चार्ज किती, काम दिलं तर तो बिलातून वजा होतो का, पार्ट बदलण्याआधी तुम्ही किंमत सांगून होकार घेता का, जुना पार्ट ग्राहकाच्या हातात देता का, नव्या पार्टवर किती दिवसांची हमी. ‘जुनी मोटर किंवा पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) तुमच्याकडेच ठेवून जातो’ या एका वाक्याने जेवढा विश्वास बसतो, तेवढा कुठल्याही बॅनरने बसत नाही. आणि जीएसटी नोंदणी नसेल तर दराखाली ‘जीएसटी वेगळा’ असं लिहू नका. सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताही येत नाही. ‘सगळं धरून’ लिहा आणि तसंच वागा.

मला विचाराल तर तुमच्या वेबसाइटचं सगळ्यात मोलाचं पान तक्रारींचं असेल. ग्राहक ‘ब्लोअर असेंब्ली’ शोधत नाही. तो शोधतो ‘चिमणीतून तेल टपकतंय’, ‘चिमणी आवाज करते पण धूर ओढत नाही’, ‘चिमणीचं टच बटण चालत नाही’. या तक्रारी त्याच्याच शब्दांत मथळे म्हणून घ्या आणि खाली चार-पाच ओळींत खरं कारण सांगा. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, पण ते पानावर कसं उतरतं ते दाखवतो.

धूर ओढत नाही: फिल्टर तेलाने बुजलेत का ते बघा. चिमणी चालू करून फिल्टरला एक कागद लावा. कागद धरून राहिला तर ओढ ठीक आहे. पडला तर फिल्टर, ब्लोअर किंवा डक्ट यांपैकी कुठेतरी अडथळा आहे. डक्ट लांब असेल, त्याला दोन-तीन वळणं असतील किंवा पाइप दबलेला असेल, तर नवी चिमणीही नीट ओढत नाही. मग कितीही सफाई केली तरी फरक पडत नाही. बाहेरच्या तोंडाशी असलेली झडप तेलाने चिकटते, किंवा तिथे कबुतरं काड्या आणून ठेवतात. आपल्या भागातल्या उंच सोसायट्यांमध्ये ही शेवटची तक्रार किती येते ते तुम्हाला सांगायला नको. पानावर मात्र ती हवीच, कारण ती वाचून ग्राहकाला कळतं की हा माणूस खरोखर चिमण्या उघडतो.

आवाज वाढलाय: पंख्याच्या पात्यांवर तेलाचा थर एकीकडे जास्त बसला की पंख्याचा तोल जातो आणि थरथर सुरू होते. सफाईने हे बरं होतं. बुश किंवा बेअरिंग झिजलं असेल तर सफाईने होत नाही. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला मदत करणारा छोटा भाग, गेलेला असतो, आणि तो मोटरपेक्षा खूप स्वस्त पडतो. हे उघड लिहिलंत तर ‘मोटर गेली’ असं सांगून कुणी फसवणार नाही आणि ग्राहक तुमच्याकडेच येईल. असं सगळं सांगून टाकलं तर लोक स्वतःच दुरुस्त करतील, ही भीती मी बऱ्याच व्यावसायिकांकडून ऐकतो. ब्लोअर खाली उतरवून धुणारे ग्राहक मोजकेच असतात. बाकीचे वाचतात आणि ज्याने समजावून सांगितलं त्यालाच फोन करतात.

ऑटोक्लीनला स्वतंत्र परिच्छेद द्या. अशा चिमणीत बटण दाबलं की हीटर आतला भाग तापवतो, तेल पातळ होऊन खालच्या वाटीत उतरतं. म्हणून पुष्कळ जण समजतात की हिला कधीच सफाई लागत नाही. वाटी रिकामी करायचं राहून जातं, जुनं घट्ट झालेलं तेल हीटरनेही निघत नाही, आणि दोन वर्षांनी तेच तेल शेगडीवर उतरतं. किती महिन्यांनी पूर्ण सफाई करावी हे तुमच्या अनुभवाने लिहा आणि सगळ्यांना एकच आकडा देऊ नका. रोज तळण असलेलं घर आणि दोन माणसांचं घर यांत फरक असतोच.

याच पानावर सुरक्षिततेच्या चार ओळी टाका. फिल्टर काढण्याआधी चिमणीचा स्विच किंवा एमसीबी बंद करावा. पेट्रोल, थिनर असलं काही चिमणीला लावू नये. ॲल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लागला तर ती काळी पडते, खाल्ली जाते, म्हणून घरी धुताना गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच वापरावा. शेगडी आणि चिमणी यांतलं अंतर साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर असावं, तरी मॉडेलचं माहितीपत्रक बघावं. या ओळींनी तुमचं काम कमी होत नाही आणि कुणाचं तरी नुकसान टळतं.

आता ब्रँडच्या नावांचा प्रश्न. यावर मी ठाम आहे. फेबर, एलिका, ग्लेन, काफ, हिंदवेअर, सनफ्लेम या कंपन्यांच्या चिमण्या तुम्ही दुरुस्त करत असाल तर तसं साध्या वाक्यात लिहा: ‘आम्ही या ब्रँडच्या चिमण्यांची सफाई आणि दुरुस्ती करतो. आम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहोत, कुठल्याही कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र नाही.’ हे दुसरं वाक्य तळटीपेत नको, ब्रँडच्या नावांना लागूनच आणि त्याच आकाराच्या अक्षरांत हवं. कंपनीचा लोगो लावायचा नाही. डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात, कंपनीचं नाव घ्यायचं नाही. पानाच्या शीर्षकात ‘अमुक कस्टमर केअर पुणे’ असं तर मुळीच लिहायचं नाही. डिझायनरने सुचवलेली ब्रँडची वेगळी पानं बहुतेक याच दिशेने जाणारी असतात: ग्राहक कंपनीचा नंबर शोधतो आणि फोन तुम्हाला येतो. असा फोन म्हणजे ग्राहकाचा गैरसमज असतो. १९९९च्या ट्रेड मार्क कायद्यानुसार कंपनी नोटीस पाठवू शकते, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंड आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्याकडे कंपनीचा माणूस म्हणून बघणाऱ्याला खरं कळतं, तेव्हा तुमचं चांगलं कामही त्याला फसवणूकच वाटतं.

कस्टमर केअरच्या नावाखाली खोटे नंबर टाकून पैसे लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यात वयस्क माणसं जास्त अडकतात. म्हणून तुमच्या पानावर स्पष्ट लिहा: ‘आम्ही ओटीपी मागत नाही, कुठलंही ॲप डाउनलोड करायला सांगत नाही, आगाऊ पैसे घेत नाही. पैसे काम बघून झाल्यावर, रोख किंवा यूपीआयने.’ सोबत सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा सरकारी हेल्पलाइन क्रमांकही द्या. चिमणीच्या वेबसाइटवर तो कशाला, असं डिझायनर म्हणेल. आई-वडिलांना सोसायटीत एकटं ठेवून परदेशी राहणारी मुलं पुष्कळदा तिकडूनच इथल्या दुरुस्तीची व्यवस्था लावतात. त्यांना या ओळी वाचून काय वाटेल, ते त्याला सांगा.

चिमणी अजून कंपनीच्या वॉरंटीत असेल तर ‘आधी कंपनीलाच कळवा, आम्ही उघडली तर वॉरंटी जाऊ शकते’ हेही लिहा. आजचं एखादं काम जाईल. वॉरंटी संपल्यावर तो माणूस तुमचाच नंबर शोधेल.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे खर्च शून्य आणि फायदा मोठा आहे. मोबाइलने काढलेले पुरतात. प्रत्येक कामाआधी आणि नंतर एकाच जागेवरून, दिव्याच्या एकाच उजेडात फोटो काढायची सवय मुलांना लावा. ब्लोअरचा पंखा आधी आणि नंतर, फिल्टर आधी आणि नंतर. ओट्यावर आणि शेगडीवर प्लास्टिक अंथरलेला एक फोटो जरूर घ्या, कारण घाण कुठे होणार ही गृहिणीची मोठी काळजी असते आणि तो फोटो न बोलता उत्तर देतो. ग्राहकाला विचारूनच फोटो काढा. देवघर, कुटुंबाची छायाचित्रं, फ्लॅट नंबर, खिडकीतून ओळखू येणारी इमारत यांतलं काही चौकटीत येऊ देऊ नका. खाली ‘वाकड, फिल्टरलेस चिमणी, तीन वर्षांनी पहिली सफाई’ एवढी ओळ लिहा. असे दहा-बारा संच झाले की तुमच्या वेबसाइटची नक्कल करणं अवघड होतं.

माणसांचे फोटोही हवेत. बहुतेक सोसायट्यांत गेटवर ॲपमधून परवानगी लागते. वॉचमन नाव टाकतो आणि घरच्या माणसाला मोबाइलवर ‘येऊ द्यायचं का’ असं विचारलं जातं. वेबसाइटवर ज्याचं नाव आणि चेहरा बघितला तोच गेटवर आहे, हे कळलं की हो म्हणायला वेळ लागत नाही. मुलांनाही आपला फोटो टाकायला त्यांची संमती विचारा. नोकरी सोडली तर त्याच आठवड्यात फोटो काढून टाका.

संपर्कासाठी लांबलचक फॉर्म नको. काम चालू असताना तुमचे हात तेलाने माखलेले असतात, फोन उचलला जात नाही, आणि न उचललेला फोन पुढच्याकडे जातो. म्हणून व्हॉट्सॲपचं बटण फोनइतकंच मोठं ठेवा आणि ते दाबलं की आधीच लिहिलेला मजकूर उघडेल अशी सोय करून घ्या: ‘नमस्कार, चिमणीचं काम आहे. भाग: … चिमणीचा ब्रँड: … तक्रार: … शेवटची सफाई: …’. दुव्यातच मजकूर घालता येतो, त्याला वेगळा खर्च नाही. त्याखाली लिहा, ‘जमल्यास चिमणी चालू करून दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा.’ आवाजावरून तुम्हाला अर्धं निदान होतं, कपॅसिटर सोबत न्यायचा की नाही ते कळतं आणि एक खेप वाचते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा निरोप लावा: ‘काम चालू आहे, दुपारी २ पर्यंत फोन करतो.’ आणि खरंच करा.

वेगाचं थोडक्यात. तुमचा ग्राहक लिफ्टजवळच्या किंवा स्वयंपाकघरातल्या कमकुवत नेटवर्कवर वेबसाइट उघडतो. फिरणारे स्लायडर, आपोआप चालणारे व्हिडिओ, उडणारी अक्षरं काढून टाका. फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात, शक्यतो १०० ते १५० केबीच्या आत. गूगलच्या मोजमापात पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. डिझायनरला पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासायच्या साधनावर मोबाइलचा निकाल दाखवायला सांगा, संगणकाचा नाही, आणि तो आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

भाषा कुठली ठेवायची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. हिंजवडीला कामाला जाणारा, दुसऱ्या राज्यातून आलेला मोठा वर्ग तुमच्या भागात आहे. तो इंग्रजीत शोधतो. निगडी, चिंचवडमधली जुनी घरं मराठीत बोलतात, आणि आवाजाने शोधणारे तर मराठी-हिंदीतच विचारतात. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत पानं करा, पण मशीनने भाषांतर केलेलं मराठी टाकू नका. फोनवर तुम्ही जसं समजावून सांगता तसंच रेकॉर्ड करा आणि ते लिहून काढा. डिझायनरला सांगा की मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशीच नोंदवायची, हिंदी नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यात ते त्यामुळेच बरोबर दिसतात. देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. वयस्क वाचकासाठी अक्षर मोठं ठेवा.

उपनगरांची ३० पानं का नकोत, तेही सांगतो. ‘वाकडमध्ये चिमणी सफाई’ हे पान लिहायचं आणि मग फक्त गावाचं नाव बदलून ताथवडे, पुनावळे, मोशी, चिखली करायचं, याला गूगल ‘डोअरवे’ पानं म्हणतं आणि ती त्याच्या स्पॅम धोरणात मोडतात. ग्राहकालाही ती पोकळच वाटतात. एकच ‘आम्ही कुठे येतो’ हे पान करा. त्यात भाग, कुठल्या वारी कुठे असता, दूरच्या भागासाठी वेगळा आकार आहे का, ते लिहा. एखाद्या भागात तुम्ही खरंच पुष्कळ कामं केलीत, तिथल्या इमारतींच्या डक्टची काही खासियत तुम्हाला माहीत आहे, फोटो आहेत, तर त्या भागाचं वेगळं पान जरूर करा. लिहायला स्वतःचं काही असेल तेवढीच पानं.

वेबसाइटच्या बरोबरीने, खरं तर आधी, गूगल बिझनेस प्रोफाइल नीट करा. नकाशावर दिसणाऱ्या त्या चौकटीतूनच तुम्हाला सुरुवातीचे बहुतेक फोन येतील. तुम्ही दुकानातून नाही, घरोघरी जाऊन काम करता, म्हणून घरचा पत्ता लपवून ‘सेवा क्षेत्र’ निवडा. असे २०पर्यंत भाग घालता येतात. मुख्य प्रवर्ग अप्लायन्स रिपेअरचा किंवा चिमणी सर्व्हिसेसचा घ्या. नावाच्या जागी फक्त व्यवसायाचं नाव लिहा, त्यात ‘बेस्ट चिमणी सर्व्हिस वाकड’ असं कोंबू नका. त्यावरून प्रोफाइल बंद होऊ शकतं आणि परत मिळवताना फार त्रास होतो. रिव्ह्यू काम संपताच, चिमणी चालवून दाखवल्यावर मागा. दुवा व्हॉट्सॲपवर पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलला ते चालत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर शांतपणे, त्या कामाची माहिती देऊन उत्तर लिहा. नवा ग्राहक तुमचं उत्तर जास्त लक्षपूर्वक वाचतो.

डोमेन, होस्टिंग, गूगल प्रोफाइल, सगळं तुमच्या स्वतःच्या ईमेलने आणि तुमच्या नंबरने उघडलेलं हवं. डिझायनरला गूगल प्रोफाइलवर ‘मॅनेजर’ करा, मुख्य मालक तुम्हीच राहा. डोमेनचं बिल तुमच्या नावाने येऊ द्या. डिझायनर कितीही ओळखीचा असला तरी हे करा. नंबर बदलला, भांडण झालं किंवा त्याने धंदा सोडला, की वेबसाइट आणि वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू दुसऱ्याच्या हातात राहतात. फुकट मिळणाऱ्या जागेवरही पूर्ण अवलंबून राहू नका. बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गूगलने मार्च २०२४मध्ये बंद केल्या, आणि छापील कार्डांवर तोच पत्ता टाकलेल्या व्यावसायिकांचे ते पत्ते नंतर निकामी झाले. ‘डॉट इन’ डोमेन घ्या, छोटं, फोनवर सांगताना स्पेलिंग समजावून द्यावं लागणार नाही असं.

वार्षिक करार विकायचा असेल तर त्याचं एक छोटं पान असू द्या: वर्षात दोन पूर्ण सफाया, एकूण किती रुपये, मधल्या काळात आलेल्या तक्रारीला व्हिजिट चार्ज नाही. आठवणीचे मेसेज पाठवण्याआधी परवानगी घ्या आणि ग्राहकांचे नंबर कुणालाही देऊ नका. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, शिवाय सोसायटीच्या ग्रुपवर नाव खराब व्हायला एक मेसेज पुरतो.

वेबसाइट चालतेय का, हे भेटींच्या आकड्यावरून ठरवू नका. महिन्याला फोन किती, व्हॉट्सॲप किती, त्यातून कामं किती, एवढं वहीत लिहा. प्रत्येकाला ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ हे विचारा. ‘रेट काय’ असं विचारणारे फोन कमी होऊन ‘उद्या येऊ शकाल का’ असं विचारणारे वाढले, तर दराचं पान आपलं काम करतंय.

राहिला दिवाळीचा प्रश्न. फराळाच्या तळणाआधी चिमणी साफ करून घ्यायची म्हणून नवरात्रापासूनच फोन वाढतात, आणि नव्या वेबसाइटला गूगलमध्ये रुळायला काही आठवडे लागतात. म्हणून गणपतीच्या आधी पहिलं पान, दरांचं पान आणि गूगल प्रोफाइल उभं करा. तक्रारींचं पान पितृपक्षात लिहा, तेव्हा कामाचा जोर जरा कमी असतो. जाहिरातीवर आत्ता पैसे घालू नका. नवरात्रात हाताशी वेळ असलेल्या दिवसांपुरती, तुमच्या चार-पाच भागांपुरतीच जाहिरात लावा, आणि रोजची कामं भरली की त्याच दिवशी थांबवा. दिवाळीच्या आठवड्यात पहिल्या पानावर एक ओळ वर घालायला सांगा: ‘बुकिंग अमुक तारखेपर्यंत भरलं आहे, पुढच्या तारखा उपलब्ध.’ डिझायनरला न विचारता ही ओळ तुम्हाला मोबाइलवरून बदलता यायला हवी, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.